सहावा प्रश्न

आमच्या सांगलीत माणसांचे दोनच प्रकार होते. नोकरी असलेली माणसं आणि नोकरी नसलेली माणसं. किराणा दुकानदार हा तिसरा प्रकार होता खरा, पण प्रत्येक घराची त्याच्याकडे उधारी असल्यामुळे त्याच्याविषयी उघडपणे कोणी बोलत नसे. नोकरी असलेल्या माणसाला लोक रस्त्यात थांबवून "काय म्हणते नोकरी?" असं विचारीत. नोकरी नसलेल्याला कोणी काही विचारीत नसे. त्याच्या आईला विचारीत. तेही मंगळागौरीला, चारचौघींत, आणि आवाज एक पट्टी खाली आणून.

त्यातून आपली भाषा. नोकरी नसलेल्या माणसाला आपण बेकार म्हणतो. बिघडलेला चहाही बेकार, पडलेला सिनेमाही बेकार आणि जावई उद्धट निघाला तर तोही बेकारच. या बाबतीत इंग्रजी जरा सभ्य आहे. चहा कितीही वाईट झाला तरी इंग्रज त्याला 'अनएम्प्लॉइड' म्हणत नाही.

वयाच्या चोपन्नाव्या वर्षी मी बेकार झालो. तेही धड पूर्ण नाही. काही महिने मी अर्धा बेकार आणि अर्धा नोकरदार असा राहिलो. पूर्ण नोकरी करणं सोपं असतं, कारण काय करायचं ते साहेब सांगतो. पूर्ण बेकार असणं अवघड असलं तरी त्याला निदान कौशल्य लागत नाही. पण अर्धं काम आणि अर्धी बेकारी या दोन डगरींवर पाय ठेवून उभं राहायचं म्हणजे माणसाला गणित यावं लागतं. मला गणित येतं असा माझा समज होता.

त्याचं असं झालं. मी कॅलिफोर्नियात सनीवेल गावी १९९७ पासून राहतो. संगणकाच्या धंद्यात होतो. २०२३ च्या जानेवारीत आमच्या भागात नोकऱ्या जायची साथ आली, आणि एका सकाळी सात वाजता मला पत्र आलं, की 'तुमचं पद रद्द करण्यात आलं आहे.' माझ्याविषयी कंपनीची काही तक्रार नव्हती. फक्त माझ्या पदाविषयी होती. आता पद गेल्यावर मी त्या खुर्चीत कशाच्या आधारावर बसणार? सव्वासात वाजता संगणकाने मला ओळख दाखवायचं बंद केलं. माझ्या हाताखालची दोन तरुण मुलं एच-१बी व्हिसावर होती. त्यांना नवी नोकरी शोधायला जास्तीत जास्त साठ दिवस. नाही मिळाली तर सामान बांधायचं. त्यांच्याकडे पाहिल्यावर मला माझं दुःख जरा आखडतं घ्यावं लागलं. मी इथला नागरिक. मला कोणी हाकलणार नव्हतं. मी घरात बसू शकत होतो.

घरात बसल्यावर पहिला ठराव मी एकमताने पास केला. आईला कळवायचं नाही. आई सांगलीत, एक्याऐंशी वर्षांची, रक्तदाबाची गोळी घेणारी. तिला कशाला त्रास? हे कारण मी बायकोला सांगितलं. खरं कारण वेगळं होतं. माझे वडील एका कारखान्यात हिशेबनीस होते. सकाळी साडेनऊला डबा अडकवून सायकलवर टांग मारायची आणि संध्याकाळी सहाला दारात घंटी वाजवायची, यात मी लहानपणी एकदाही खंड पडलेला पाहिला नाही. कधीमधी खिशातून खडीसाखरेची पुडी निघे. आम्ही भावंडं तेवढ्यासाठी उंबऱ्यावर बसून असायचो. अशा माणसाच्या मुलाने मंगळवारी सकाळी अकरा वाजता लुंगी लावून पोहे खात बसावं, हे मला स्वतःलाच सांगवत नव्हतं, तर आईला काय सांगणार?

"बेकारी भत्त्याचा अर्ज करा," बायको चौथ्या दिवशी म्हणाली.

"मी? मी सरकारपुढे हात पसरू?"

"पसरायचा कुठाय? टाइपच करायचाय."

माझ्या डोळ्यांपुढे १९९० साल उभं राहिलं. पदवी हातात पडल्यावर वडिलांनी मला एम्प्लॉयमेंट एक्स्चेंजमध्ये नाव नोंदवायला नेलं होतं. तिथे एक कार्ड मिळालं. ते आम्ही देवघराच्या फडताळात अक्षतांच्या डबीशेजारी जपून ठेवलं. कॉल काही आला नाही, पण कार्डाला कसर मात्र लागली नाही. तेव्हापासून सरकारच्या दारात नोकरीसाठी उभं राहायचं नाही अशी माझी प्रतिज्ञा होती.

बायकोने प्रतिज्ञा ऐकून घेतली आणि मग मला शिकवणीला बसवलं. ही भीक नव्हे, विमा आहे. तुम्ही कामाला होतात तेव्हा तुमच्या नावाने मालकाने दरवर्षी पहिल्या ७,००० डॉलर पगारावर कर भरलेला आहे, त्यातूनच हे पैसे येतात. अमेरिकेत हा कायदा प्रथम विस्कॉन्सिन राज्याने १९३२ साली केला. मंदी अशी होती की माणसं पावासाठी रांगा लावीत होती. १९३५ साली रूझवेल्ट यांच्या कारकिर्दीत सामाजिक सुरक्षेचा कायदा झाला आणि हळूहळू सगळ्या राज्यांनी विमा सुरू केला. पहिला चेक १९३६ च्या ऑगस्टमध्ये विस्कॉन्सिनमध्येच निघाला, पंधरा डॉलरचा.

"आणि आपल्याकडे महाराष्ट्रात रोजगार हमीचा कायदा १९७७ साली झाला," ती म्हणाली. "मागितल्यावर काम दिलं नाही तर भत्ता. खडी फोडणाऱ्या बाईला जो हक्क मागायला लाज वाटली नाही, तो मागायला तुम्हाला का वाटावी?"

यावर उत्तर नसल्यामुळे मी अर्ज केला.

कॅलिफोर्नियात त्या वेळी आठवड्याला जास्तीत जास्त ४५० डॉलर मिळत. हा आकडा २००५ पासून तसूभर हलला नव्हता. घरभाडी मात्र या काळात इतकी हलली की माणसं गावं सोडून गेली. असे ४५० डॉलर जास्तीत जास्त सव्वीस आठवडे. त्यातला पहिला आठवडा कोरडा. श्रावणी सोमवार समजायचा. पुढे दर पंधरवड्याला एक फॉर्म भरायचा आणि त्यात दोन्ही आठवड्यांसाठी सहा-सहा प्रश्नांची उत्तरं द्यायची. आठवडा रविवारी सुरू होऊन शनिवारी संपतो.

पहिला प्रश्न, आपण आजारी होता का? नव्हतो. दुसरा, आणखी काही कारणाने आपण पूर्णवेळ काम करू शकला नसता का?

"दुपारची झोप लिहायची का?" बायकोने खांद्यावरून विचारलं.

तिसरा, आपण काम शोधलंत का? शोधलं. चौथा, आपण एखादं काम नाकारलंत का? मला हा प्रश्न फार आवडे. मला नाकारणाऱ्यांची यादी मागितली असती तर पुरवणी जोडावी लागली असती. पाचवा, शाळेत किंवा प्रशिक्षणाला जायला लागलात का? नाही. आणि सहावा, आपण काही काम केलंत का किंवा काही कमावलंत का, पैसे मिळालेले असोत वा नसोत?

पहिले काही आठवडे सहाव्या प्रश्नावर मी सर्रकन 'नाही' अशी खूण करून पुढे जात असे. त्यातली 'पैसे मिळालेले असोत वा नसोत' ही शेपटी मी नीट वाचलीच नव्हती.

महिनाभर घरात बसल्यावर मी घरात सुधारणा सुरू केल्या. मसाल्याचे डबे आकारमानाप्रमाणे लावले. कणीक किती पाण्यात भिजते याचा तक्ता करून फ्रिजवर चिकटवला. तो चिकटवल्याच्या दुसऱ्या दिवशी बायकोने मला काम शोधून आणलं. आम्ही जिथून वाणसामान आणतो त्या देशी दुकानाच्या शेठना मालाची मोजदाद आणि हिशेब करायला माणूस हवा होता. आठवड्याला दहा तास, तासाला अठरा डॉलर. शेठ गुजराती. त्यांना आनंद झाला, कारण संगणक तपासायला त्यांना इतका महाग माणूस इतक्या स्वस्तात कधी मिळाला नव्हता.

"पण मग भत्ता बंद होईल ना?" मी घाबरलो. "एकशे ऐंशीसाठी साडेचारशे घालवायचे?"

हा माझाच एकट्याचा गैरसमज नव्हता. माझ्याबरोबर नोकरी गेलेल्या एका मित्राने तर शपथेवर सांगितलं, की तू एक तास जरी काम केलंस तरी सगळं बंद. म्हणून तो काहीच करीत नव्हता. दिवसभर बातम्या बघून त्याचं वजन वाढलं होतं.

बायकोने पुन्हा पाटी घेतली. काम केलं म्हणून भत्ता बंद होत नाही; कमी होतो. आणि जेवढं कमावलं तेवढा सगळा कमी होत नाही. कमाईतला चौथा हिस्सा सोडून देतात आणि उरलेली तीन चतुर्थांश कमाई भत्त्यातून वजा करतात. कमाई शंभराच्या आत असेल तर सरसकट पंचवीस डॉलर सोडतात.

"म्हणजे चौथाई!" मी ओरडलो. माझ्यातला मराठा जागा झाला. शिवाजी महाराजांच्या काळापासून आम्ही चौथाई वसूल करीत आलो. मध्यंतरी शे-दोनशे वर्षं वसुली थांबली होती, ती आता पॅसिफिकच्या किनाऱ्यावर पुन्हा सुरू होणार होती. सरदेशमुखीचे दहा टक्के वर मिळतात का ते मी फॉर्मवर शोधलं. ते नव्हते.

तर हिशेब असा. कमाई १८०, त्याची चौथाई ४५, उरले १३५. साडेचारशेतून १३५ गेले, राहिले ३१५. हे ३१५ आणि दुकानाचे १८० मिळून ४९५. नुसतं घरी बसून ४५०. म्हणजे दहा तास डाळ-तांदूळ मोजण्याची नक्त किंमत ४५ डॉलर, तासाला साडेचार.

"साडेचार डॉलरसाठी मी पोती मोजू?"

"पोती साडेचारसाठी," बायको म्हणाली, "आणि घराबाहेर राहण्याचे उरलेले पैसे मी धरलेत."

मी दुकानात जाऊ लागलो. काम वाईट नव्हतं. पण सनीवेलसारख्या गावात देशी दुकानात काम करायचं आणि कोणाला कळू द्यायचं नाही, म्हणजे नदीघाटावर गणपती बुडवायचा आणि आवाज होऊ द्यायचा नाही. दुसऱ्याच शनिवारी मी खांद्यावर तूरडाळीचं वीस पौंडांचं पोतं घेऊन मागून पुढे येत होतो, तोच मंडळातले एक गृहस्थ समोर.

"अरे! तुम्ही इथे?"

"हो, जरा डाळ न्यायला आलो होतो."

"एवढी?"

"पाहुणे येणार आहेत."

"पण तुम्ही आतल्या बाजूने आलात."

"आतली ताजी असते," मी म्हणालो. मग ते गृहस्थही ताज्या डाळीसाठी आत निघाले. त्यांना थोपवून मी त्यांच्याबरोबर रांगेत उभा राहिलो, आणि शेठनी चेहऱ्याची सुरकुतीही न हलवता माझ्याकडून डाळीचे पैसे घेतले. पुढच्या आठवड्यात असाच गूळ घ्यावा लागला. नंतर पोहे, मग पाच पौंड हिंगोळ्या चिंचा. घरात आम्ही तिघं आणि मुलगी वसतिगृहात, म्हणजे खरं दोघंच. सकाळ-संध्याकाळ आमटी.

"तुम्ही तिथे नोकरी करता की गिऱ्हाइकी?" बायकोने विचारलं. "आणि तो सदरा वेगळा धुवायला टाका. नुसता हिंगाचा वास मारतोय."

शेठ पगार पंधरा दिवसांनी देत. पहिल्या पंधरवड्याचा फॉर्म आला तेव्हा हातात पैसा नव्हता, तेव्हा मी सहाव्या प्रश्नावर नेहमीसारखी 'नाही' अशी खूण केली. पैसेच नाहीत तर कमाई कसली? पगार झाला की लिहू. रात्री मी हे शहाणपण बायकोला सांगितलं. तिने चष्मा लावला, फॉर्म वाचला आणि चष्मा काढला. चष्मा काढणं हे आमच्या घरात फार वाईट लक्षण मानलं जातं.

"पैसे मिळालेले असोत वा नसोत, असं लिहिलंय. ज्या आठवड्यात काम केलं त्याच आठवड्यात दाखवायचं. हातात कधी पडले याला अर्थ नाही. आणि कपाती व्हायच्या आधीची पूर्ण रक्कम दाखवायची."

म्हणजे दोन आठवड्यांचे १३५ प्रमाणे २७० डॉलर मी सरकारचे जास्त घेतले होते. मी, हिशेबनिसाचा मुलगा!

मित्राला सांगितलं, तर तो हसला. म्हणाला, "गप्प बस रे. आणि यापुढे शेठकडून रोख घे. कागद नाही, भानगड नाही. कोण बघायला येतंय?" शेठनीही मागे एकदा, "केश चालेगा क्या?" असं सहज विचारलं होतं. खोटं कशाला सांगू, मी तीन दिवस विचार केला. आठवड्याला १३५, महिन्याला पाचशेच्या वर. मुलीची फी डोळ्यांपुढे होती, घराचा हप्ता होता. मोह न व्हायला मी काही युधिष्ठिर नव्हे, आणि असतो तरी त्यांनी एकदा 'नरो वा कुंजरो वा' केलंच होतं. पण खोटं बोलायला स्मरणशक्ती लागते. कोणत्या आठवड्यात काय दडवलं ते जन्मभर लक्षात ठेवायचं. ती आधीच एका ठिकाणी खर्च होत होती. दर रविवारी रात्री, सांगलीत सोमवारची सकाळ असते तेव्हा, मी आईला फोन करी, आणि ऑफिसातल्या नसलेल्या साहेबाची नसलेली बढती तपशीलवार सांगे. गेल्या खेपेला साहेबाला कन्या झाल्याचं सांगितलं की पुत्र, हे मला कागदावर लिहून ठेवावं लागत होतं. दुसरी वही मला झेपली नसती.

तेव्हा मी आपणहून कळवलं. फोनवरून मुलाखत ठरली. ठरलेल्या वेळी मी इस्त्रीचा शर्ट घालून फोनपुढे बसलो. पलीकडून एक बाई बोलत होत्या.

"आपण त्या आठवड्यात काम केलं होतंत?"

"हो."

"मग 'नाही' का लिहिलंत?"

"पैसे मिळाले नव्हते, म्हणून. माझी चूक झाली. मी हिशेबनिसाचा मुलगा आहे."

हे शेवटचं वाक्य का म्हणालो कोण जाणे. बाई क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, "ते फॉर्ममध्ये लिहायची गरज नाही." यथाकाल २७० डॉलर परत करण्याचं पत्र आलं. मुद्दाम दडवलं असतं तर वर तीस टक्के दंड आणि पुढचे काही आठवडे भत्ता बंद. पैसे भरले त्या दिवशी मला अपचन बरं झाल्यासारखं वाटलं. अर्थात आमटीही त्याच दिवशी संपली होती.

त्यानंतर मात्र माझा सचोटीचा पारा एकदम चढला. रविवारी संध्याकाळी दुकान आवरताना शेठ उरलेल्या मेथीच्या दोन-चार जुड्या माझ्या पिशवीत कोंबीत. ही मेथी म्हणजे कमाई का? पैसे मिळालेले असोत वा नसोत! मी मेथीचा बाजारभाव काढायला बसलो.

"मेथीचे पैसे देऊन टाका," बायको म्हणाली. "विकत घेतली की कमाई नाही." मी पैसे देऊ लागलो. शेठना वाटलं, यांना आमची मेथी पसंत नाही. ते भोपळा देऊ लागले.

या सगळ्यात एक गोष्ट मात्र मला फार उशिरा कळली. भत्त्यातून जे १३५ डॉलर दर आठवड्याला कापले जात, ते मी मनातल्या मनात गेले म्हणून सोडून देत होतो. ते गेलेले नव्हतेच. माझ्या नावावर एकूण रक्कम मंजूर होती, ४५० गुणिले २६, म्हणजे ११,७०० डॉलर. कमी उचलले तर उरलेले तिथेच राहत आणि वर्षाच्या आत केव्हाही लागले तर मिळत. दर आठवड्याला ३१५ उचलले तर तेच पैसे सव्वीसच्या जागी सदतीस आठवडे पुरत. म्हणजे माझी दहा तासांची मजुरी पंचेचाळीस डॉलर नव्हतीच. ती मी माझ्याच पुढच्या आठवड्यांत जमा करीत होतो. कणगीतलं धान्य पुरवून खाण्याचा हा प्रकार सांगलीतल्या कोणत्याही बाईने मला पहिल्या दिवशी सांगितला असता. आमच्या घरातल्या बाईने सांगितलाही होता म्हणे. मी तेव्हा सरदेशमुखी शोधत होतो.

मग मे महिना आला. एका रविवारी फॉर्म भरला, सहाव्या प्रश्नावर 'हो' लिहून दोन्ही आठवड्यांचे तास आणि डॉलर सेंटापर्यंत बिनचूक मांडले, आणि तसाच आईला फोन लावला.

"काय म्हणते नोकरी?" आईने विचारलं.

"मजेत. साहेबांची मुलगी आता रांगायला लागली."

"मागच्या महिन्यात मुलगा होता," आई म्हणाली.

मी कागद शोधू लागलो.

"बाळू, राहू दे. मला पाडव्यालाच कळलंय. शेजारच्यांची भाची तुमच्या त्या गावात असते. तिने तुला डाळीचं पोतं उचलताना पाहिलं. मी म्हटलं, सांगेल आपणहून. दोन महिने वाट बघितली."

मला बोलता येईना. शेवटी म्हणालो, "तुला त्रास नको म्हणून... बाबांनी एक दिवस नोकरी चुकवली नाही, आणि मी..."

"कोणी सांगितलं तुला?" आई म्हणाली. "७४ साली सात महिने कारखाना बंद होता. तू पाच वर्षांचा होतास. तुझे बाबा रोज साडेनऊला डबा घेऊन निघायचे. सकाळभर वाचनालयात बसायचे आणि दुपारनंतर पेठेतल्या एका किराणा दुकानात वही लिहायचे. शेठ पैसे द्यायचा महिन्याने, आणि अधूनमधून द्यायचा खडीसाखर."

"त्यांनी तुला सांगितलं होतं?"

"छे! ते कुठले सांगतायत! सदऱ्याला हिंगाचा वास यायचा. कारखान्यात हिंग कुठून आलं? पण मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. रोज डबा भरून द्यायचा आणि रोज विचारायचं, आज काम फार होतं का? ते म्हणायचे, फार. सात महिने, बाळू. काम थोडं होतं, पण त्या लपवालपवीनेच दोघं दमून गेलो." थोडा वेळ ती गप्प राहिली. "म्हणून म्हणते, काम करतोयस ना? मग पैसे मिळोत न मिळोत, सांगायचं."

फॉर्मची ती शेपटी आईने कुठे वाचली असणार? पण तंतोतंत तीच होती. सरकारला मी दर पंधरवड्याला सेंटापर्यंत खरं सांगत होतो, आणि उठून त्याच खुर्चीवरून आईला साहेबाची मुलं सांगत होतो. वसुली खरी या खात्यावर निघायला हवी होती.

मग मी तिला सगळं सांगितलं. पत्र, भत्ता, २७० डॉलर, मेथी. चौथाईचं ऐकून तिला फार बरं वाटलं. "चांगलं आहे तुमचं सरकार," ती म्हणाली. "पण पुरतं का रे? माझ्या पेन्शनीतले पाच हजार पाठवू?"

मी नको म्हणालो, आणि फोन ठेवल्यावर खूप वेळ तसाच बसून राहिलो. नंतर बायकोला विचारलं, "आईने पाठवलेच पाच हजार रुपये, तर ते सहाव्या प्रश्नात दाखवावे लागतील का?"

तिने चष्मा लावलेलाच ठेवला. "आईच्या पैशाला कमाई म्हणत नाहीत," ती म्हणाली.

पुढच्या शनिवारी तेच मंडळातले गृहस्थ दुकानात आले. मी पोतं खांद्यावरून खाली ठेवलं आणि म्हणालो, "नमस्कार. मी इथे काम करतो. नोकरी गेली माझी." ते इकडेतिकडे पाहून जवळ आले आणि आवाज एक पट्टी खाली आणून म्हणाले, "माझीही. मार्चमध्ये. इथे अजून एखादा माणूस लागेल का हो?" मी त्यांना मागच्या खोलीत नेऊन चहा पाजला आणि चौथाई समजावून सांगितली. चहा बेकार होता, पण आम्ही दोघांनी तो पुरवून प्यायला.

सप्टेंबरात मला पूर्णवेळ नोकरी लागली. पगार पहिल्यापेक्षा कमी आहे, साहेब पहिल्यापेक्षा तरुण आहे. भत्त्याच्या खात्यात माझ्या नावावर थोडी रक्कम तशीच शिल्लक राहिली. ती पुन्हा कधी लागली नाही, हे बरंच झालं. फॉर्म सुटला. रविवार मात्र सुटला नाही. आई आता फोनवर एकेक करून विचारते. तब्येत बरी आहे ना? दुसरं काही नाही ना? ऑफिसात कोणाशी भांडला नाहीस ना? आणि शेवटी ठरलेला प्रश्न येतो, "बाकी सगळं खरं सांगितलंस ना?"

या फॉर्मला दंड नाही, पण उत्तर लिहायला मला अजूनही सर्वांत जास्त वेळ लागतो तो याच प्रश्नाला. साहेबाला मुलबाळ काहीही नाही, हे मी तिला पहिल्याच रविवारी सांगून टाकलं आहे.